गिरणी बंद झाल्यावर

प्रभुलिंग अप्पांच्या कानात जो आवाज आहे तो मी कधी ऐकलेला नाही. तो दुसऱ्या कोणाला ऐकू येतच नाही. म्हणून त्याबद्दल मी लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं, आणि मला लिहायची सवयही नाही. पण अजूनही एखाद्या सोमवारी उदगीरकडून, औरादकडून कोणीतरी येतं आणि 'नादअप्पांचं घर कुठलं' म्हणून माझ्याच दारात विचारतं, कारण रस्त्याला माझं घर आधी लागतं. प्रत्येकाला उभं करून सगळं सांगणं मला जमत नाही. जे घडलं ते मी काही भिंतीपलीकडून ऐकलं, काही समोर बसून पाहिलं. तेवढंच लिहितो.

अप्पा आमचे शेजारी. त्यांची न्हाणी आणि आमचा गोठा यांच्यात एकच भिंत आहे. ते लिंगायत. घरात कानडी बोलतात, रस्त्यावर मराठी, आणि राग आला की दोन्ही. राग त्यांना नेहमीच यायचा. भालकीच्या रस्त्याला त्यांची पिठाची गिरणी होती, आणि गावातली माणसं त्यांच्या शिव्या खाऊनच पीठ घरी आणायची. ज्वारी दमट असली तर शिवी, डबा धुऊन नीट वाळवला नसला तर शिवी. "पीठ पाहिजे का लगदा पाहिजे?" असं ते पट्ट्याच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडायचे. सगळं आयुष्य त्या आवाजात गेल्यामुळे त्यांना ओरडूनच बोलायची सवय झाली होती. घरीही तसंच बोलायचे. त्यांच्याकडे आज काय भाजी झाली ते मला गोठ्यात शेण काढताना कळायचं.

मग रस्ता रुंद झाला. त्यात गिरणीची खोली गेली. अप्पांचंही वय झालं होतं. गिरणी उचलून एका माणसानं औरादला नेली. मुलगी शैलश्री हुमनाबादला दिलेली आहे, ती म्हणाली, "अप्पा, आता आरामात बसा."

ते आरामात बसले, आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"अंकुशराव, तुमची मोटर बंद करा."

मी म्हणालो, "मोटर बंदच आहे, अप्पा."

"मग काय वाजायलंय?"

मला काहीच वाजताना ऐकू येत नव्हतं. ते आत आले, मोटरीला हात लावून बघितला, इन्व्हर्टरजवळ वाकले, मग गोठ्याच्या भिंतीला कान लावला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी लपवतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाइनमनला विजेच्या डीपीखाली उभं करून झाडलं. तिसऱ्या दिवशी आमच्या मागच्या घरातला फ्रिज बंद करायला लावला. सगळं बंद झालं, वीजही गेली, आणि भर दुपारी अख्खी गल्ली गप झाली, तेव्हा ते अंगणात मधोमध उभे होते. दोन्ही कानांवर हात धरून. हात काढले, पुन्हा धरले. माझी बायको कमलबाई धान्य निवडत बसली होती. ती हळूच म्हणाली, "त्यांच्या कानातच हाय बगा ते."

त्या दिवसापासून त्यांना एक खोड लागली. करंगळी कानात घालायची आणि जोरानं हलवायची, पाणी गेल्यासारखी. थेंब टाकून झाले, लसूण घातलेलं गरम तेल टाकून झालं. आवाज गेला नाही. एकच बारीक, ताणलेला आवाज, ते म्हणायचे, दगडाला दगड रिकामा घासला तर येतो तसा. गिरणीत धान्य संपलं आणि दगड रिकामेच फिरले की तसा आवाज यायचा, मीही तो ऐकलेला आहे. दात शिवशिवतात त्यानं.

इथं महेशकुमारचं सांगायला हवं. हा अप्पांच्या थोरल्या भावाचा मुलगा. कलबुर्गीला शिकला, बोलायला चांगला. गावच्या मठात प्रवचन करतो आणि त्याचे व्हिडिओ फोनवर टाकतो. वाईट माणूस नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीत अर्थ सापडतो. तो काकाला बघायला आला, आवाज कसा आहे ते नीट विचारून घेतलं, आणि एकदम खाली बसून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"काका, याला रोग म्हणू नका. हा अनाहत नाद आहे. योगी लोक जन्मभर बसतात तरी ऐकू येत नाही. तुम्हाला घरबसल्या लाभला."

अप्पा म्हणाले, "मला झोप येत न्हाई रे."

"झोपायचं नसतंच. धरून बसायचं. सगळं शांत करा आणि त्याच्यावरच लक्ष ठेवा. आधी घंटा, मग बासरी, मग मेघ. वाढत जाईल."

अप्पांनी हे ऐकलं याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता फार वाटत नाही. जन्मभर भुवयांपर्यंत पीठ माखून घेतलेला माणूस. कोणी कधी 'या, बसा' म्हटलं नाही, 'झालं का दळण' एवढंच म्हटलं. आणि आता पुतण्या पायावर पडतो, दुसऱ्या सोमवारी चार माणसं पडतात, पुढं अंगणात चपला मावत नाहीत. त्यांना नाव मिळालं, नादअप्पा. रस्त्यात भेटणारा माणूस आधी हेच विचारायचा, "अप्पा, नाद कसा हाय?" आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "वाढायलाय."

खरंच वाढत होता. आतली खोली रिकामी केली. पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ काढलं, दाराला गोणपाट लावलं. गौरम्मा अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाकरी थापली की अप्पा आतून ओरडायचे. मग ती अंगणात चूल मांडून थापू लागली. तरी ओरडायचे. मग ती पिठाची परात घेऊन आमच्याकडे येऊ लागली.

"किती दिस चालनार हे, अक्का?" कमलबाईनं विचारलं.

"मेघ वाजंपर्यंत," अक्का म्हणाली. "घंटा झाली म्हनं. माझ्या घरात मला भांडं ठेवायची चोरी. खोकला आला तर परसात जाऊन खोकायलेय मी."

पूर्वी ती दोघं दिवसभर भांडायची. आता तिकडून आवाजच येत नव्हता, आणि ती शांतता मला बरी वाटत नव्हती. अप्पा बाहेर आले की डोळे लाल. जेवण अर्धं टाकायचे. एका सोमवारी औरादच्या एका माणसानं पाया पडून नारळ ठेवला आणि नेहमीचं विचारलं, "नाद कसा आहे?" अप्पांनी शेजारचा तांब्या उचलून त्याच्या अंगावर फेकला. तांब्या खांद्याला लागला. तो माणूस हात जोडून म्हणाला, "प्रसाद मिळाला." महेशकुमारनं तेही फोनवर टाकलं.

त्याच संध्याकाळी गौरम्मा अक्का पिशवी घेऊन आमच्या दारात आली. हुमनाबादला लेकीकडे निघाली होती.

"अण्णा, देव झालेल्या मानसाचा सैपाक मला येत न्हाई," ती मला म्हणाली. "मानूस झाले की कळवा. न्हाई झाले तर कळवू नगा."

आवाज चढवला नाही, रडलीही नाही. पिशवी उचलून बसथांब्याकडे गेली.

पुढचे दिवस अप्पांचं जेवण आमच्याकडून जायचं. मी डबा दारात ठेवायचो आणि परत यायचो. एक दिवस त्यांनी मनगट धरलं.

"तू कामून इचारत न्हाईस?"

"काय?"

"नाद कसा हाय ते."

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे."

ते म्हणाले, "तिला फोन लाव."

मी फोन लावला. तिकडून अक्का एवढंच म्हणाली, "शैलश्रीनं बिदरला कानाची डाक्टरीन बगून ठेवलीय. तिथं जाऊन या म्हनावं, मग बोलू." आणि ठेवून दिला. अप्पांनी फोनला शिवी दिली. महेशकुमार आला, म्हणाला, "काका, डॉक्टरकडे नेऊन नाद मोडू नका, हाताशी आलेलं जाईल." अप्पांनी त्यालाही शिवी दिली. पण सकाळी धोतर बदलून माझ्या दारात उभे होते.

बिदरच्या बसमध्ये आम्हाला पुढची, इंजिनजवळची जागा मिळाली. बस जुनी होती, खिडक्या खडखडत होत्या, दोन वाक्यं बोलायची सोय नव्हती. गाव सुटलं न सुटलं आणि अप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ते झोपले होते. तोंड उघडं, लाळ माझ्या सदऱ्यावर. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मी त्याला हातानंच हळू म्हणून सांगितलं, जणू त्या खडखडाटात त्याच्या आवाजानं ते जागे होणार होते. बिदरला सगळे उतरले तरी मी बसून राहिलो. शेवटी ड्रायव्हर ओरडला.

कानाची तपासणी करणारी बाई तरुण होती. दानेश्वरी नाव. तिनं अप्पांना एका जाड दाराच्या, कपाटासारख्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. काचेतून मला ते दिसत होते. थोड्याच वेळात त्यांनी यंत्र ओढून काढलं आणि दार ढकलून बाहेर आले.

"तुझा आवाज कोन्ता अन् माझा कोन्ता, कसं कळावं?"

ती रागावली नाही. "पुन्हा बसा. माझा तुटक येईल, टूं टूं टूं. तुमचा तुटत नाही ना?"

"तुटला असता तर हितं आलो असतो का?"

परत बसले. तपासणी झाल्यावर तिनं कागदावर एक रेघ दाखवली; एका ठिकाणी ती खाली घसरली होती.

अप्पांनी विचारलं, "हे देवाचं हाय का रोगाचं? तेवढं सांग."

"देवाचं मला माहीत नाही. इथं दिसतंय ते गिरणीचं आहे. बारीक आवाज ऐकणारा कानाचा भाग झिजलाय. तिकडून मेंदूला काही येत नाही, म्हणून तो स्वतःच आवाज करतो. शांत बसलात की तोच तेवढा उरतो."

"मग औषध लिही."

"हा बंद करणारं औषध माझ्याकडे नाही. कोणी आहे म्हणालं तर घेऊ नका."

"मग तू करतीस काय?"

"सवय होते, अप्पा. बहुतेकांना होते. वेळ लागतो."

अप्पा उठून उभे राहिले. "पायात काटा मोडला तर सवय लावून घ्यायची? हे सांगायला शिकलीस?"

मला लाज वाटून मी खाली बघितलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "गिरणी चालू असताना पट्ट्याचा आवाज तुम्हाला ऐकू यायचा?"

"न्हाई."

"कधीच?"

"पट्टा निसटायला लागला की यायचा."

"हं. आता तुमचं मन दिवसभर पट्टा निसटतोय असं समजून बसलंय. म्हणून सारखं ऐकतंय. त्याला कळायला पाहिजे की काही बिघडलेलं नाही, मग ते ऐकायचं सोडील. तुम्ही नेमकं उलटं करताय. खोली बंद करून त्याच्यावर पहारा ठेवताय."

अप्पा बसले.

तिनं सांगितलं ते साधं होतं. पूर्ण शांततेत बसू नका. पंखा, रेडिओ, काहीतरी हळू चालू ठेवा, आतल्या आवाजापेक्षा थोडं कमीच. हात आणि डोकं कामात ठेवा. ऐकायचं यंत्र लावलं तर बाहेरचे आवाज पुन्हा येतील आणि आतला मागं पडेल. आणि रोज तो किती आहे हे मोजू नका, घरच्यांनीही विचारू नका. अप्पा मध्येच म्हणाले, "गिरणी मी हातानं बंद करत होतो. ही बंद होत न्हाई, हा फरक तुला कळत न्हाई." ती म्हणाली, "कळतो." यंत्र मात्र अप्पांनी लावून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते झोपले नाहीत. भालकी येईपर्यंत बाहेर बघत राहिले आणि मग माझ्या कानात ओरडून म्हणाले, "गिरणीचा आवाज म्हनलं तर पाया कोन पडंल?"

मला कळलं की प्रश्न तोच आहे. कानाला मशीन लावलेला बहिरा गिरणीवाला व्हायचं, की त्या बंद खोलीत नादअप्पा म्हणून जागं राहायचं. पहिलं केलं तर अक्का घरी येणार होती. तरी त्यांनी महेशकुमारला काहीच सांगितलं नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मठात मोठा कार्यक्रम ठरला होता. नादअप्पांना गादीवर बसवायचं, सगळ्यांनी भोवती मौन धरायचं, मग दासोह, म्हणजे सगळ्यांना जेवण. अप्पा त्याला 'हो' म्हणून बसले होते.

मी अक्काला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "येते मी. घरी न्हाई येनार. मठात भाकरी करायला येते."

त्या दिवशी मठ भरला होता. अप्पा गादीवर, कपाळाला भस्म, गळ्यात हार. मी मागं, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसलो, कारण मला गर्दीत पुढं बसायला नको वाटतं. महेशकुमारनं माइकवर सांगितलं की आता कोणी हालू नये, बोलू नये, आपण त्या नादाच्या सान्निध्यात आहोत. मग माइक बंद केला, पंखे बंद केले. लोक गप झाले. अप्पांचे डोळे मिटलेले होते, पण जबडा हलत होता, दात आवळल्यासारखा.

आणि माझ्या मागून आवाज आला. थप थप थप थप. थांबला, परात सरकली, पुन्हा थप थप थप.

दोघाचौघांनी माना वळवल्या. एक पोरगा आत जाऊन सांगून आला. बाकीच्या बायका थांबल्या होत्या, मला दारातून दिसत होतं. एकटी गौरम्मा अक्का थापत होती. शेवटी महेशकुमार स्वतः आला.

"काकू, थोडा वेळ थांबा."

"पीठ मळलेलं हाय. वाळंल."

"लोक ध्यानाला बसलेत."

"बसू दे की. उठल्यावर खानार का न्हाई?"

"काकांचा नाद मोडतोय, काकू."

"मोडू दे," ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला. "एवढा मोठा नाद, म्हाताऱ्या बाईच्या भाकरीनं मोडायलाय?"

महेशकुमारनं परात ओढली. तिनं धरून ठेवली. तव्यावरची भाकरी करपू लागली तसा वास आला. तेवढ्यात माझ्या अंगावरून कोणीतरी गेलं. गळ्यातला हार माझ्या तोंडावर घासला म्हणून कळलं की ते अप्पा होते.

"परात सोड," ते पुतण्याला म्हणाले.

"काका, तुम्ही उठून आलात? लोक..."

"सोड म्हनलं ना. बाई भाकरी करायलीय तर तिला अडवायलास?"

"तुमच्याचसाठी, काका. तुमचा नाद..."

"तुला नाद पाहिजे का? घे. माझा घेऊन जा. घरी ने, उशाला ठेव. एक रात्र ठेव अन् मग मला येऊन सांग, त्यो घंटा हाय का बासरी."

अप्पांना हळू बोलता येत नाही, हे मी आधी लिहिलंच आहे. माइक बंद होता, पंखे बंद होते, आणि मठातल्या शेवटच्या माणसाला एकेक शब्द ऐकू गेला.

महेशकुमारचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही रागात आहात."

"मी कवा रागात नव्हतो? गिरणीचा आवाज हाय त्यो. कान झिजलेत माझे. बिदरच्या पोरीनं कागदावर दावलंय."

"एवढ्या लोकांसमोर..."

"तूच गोळा केलास त्यांना. आता तूच सांग."

मग ते अक्कासमोर खाली बसले. हारासकट. तिनं वर पाहिलं नाही. त्यांनी परातीतलं पीठ चिमटीत धरून चोळलं.

"हे कुठल्या गिरणीचं? चिकटत न्हाई."

"तुमची बंद झाल्यापासून असंच खायलाव आमी."

"दगडाला टाकी मारून धार लावली न्हाई त्यानं. सोजी हाय ही, पीठ न्हाई."

"सुम्निर्री," अक्का कानडीत म्हणाली, गप बसा म्हणून. "बसलाव तर जाळ सरकवा."

त्यांनी जाळ सरकवला. ती थापत राहिली, ते पिठाला नावं ठेवत राहिले, आणि तेवढा वेळ त्यांची करंगळी कानाकडे गेली नाही. हे मी एकट्यानं पाहिलं असं मला वाटलं होतं. अक्कानंही पाहिलं होतं.

लोक मुकाट जेवले, पण खूश नव्हते. कोणी म्हणालं म्हाताऱ्यानं मठाचा अपमान केला, कोणी म्हणालं इतके दिवस फसवलं. औरादचा तो तांब्या लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी आला आणि त्यानं आपला नारळ परत मागितला. "त्याची चटणी झाली," अप्पा म्हणाले. "चटणी नेतोस?" महेशकुमारनं काकाच्या घरी येणं बंद केलं ते आजपर्यंत बंद आहे. त्याच्या फोनवर नादअप्पा अजून आहेत, म्हणून तर माणसं येतात.

यानंतर सगळं बरं झालं असं कोणी समजू नये. अक्का घरी आली, गोणपाट काढलं, घड्याळ लावलं, पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला. पण आवाज तसाच होता, आणि आता त्याच्या पाया पडणारंही कोणी नव्हतं. पहिले काही आठवडे तर ते जास्तच चिडले. पुन्हा बिदरला जाऊन ऐकायचं यंत्र आणलं आणि त्यालाही शिव्या. "पाखरं एवढी वरडतेत हे कुनी सांगितलं न्हाई मला," म्हणाले. चमचा पडला तरी दचकायचे. यंत्र काढून फेकायचे, अक्का ते शोधून धुळीतून उचलून आणायची. सकाळी उठल्याबरोबर आधी कान देऊन आवाज आहे का ते बघायचे, आणि तो असायचाच, आणि मग सगळा दिवस तसा जायचा.

एक दिवस अक्का भिंतीजवळून म्हणाली, "अण्णा, रोज दुपारी येत जावा."

"बरं. विचारपूस करतो."

"नगं. तेच नगं. नादाचं काडायचंच न्हाई. भांडायला या."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी आयुष्यात कोणाशी भांडलो नाही. भांडण निघालं की माझे शब्दच हरवतात. तसं तिला सांगितलं.

"त्यांना येतंय की. तुमी नुस्तं समोर बसा," ती म्हणाली. "भांडताना त्यांचं बोट कानात जात न्हाई. मी बगितलंय. पन माझं एकटीचं तोंड किती पुरंल?"

तेव्हापासून मी जातो. विषय शोधावा लागत नाही. आमच्या दोन घरांमध्ये पूर्वी एक पाट होता, त्यांच्या न्हाणीचं पाणी त्यातून आमच्या गोठ्यामागून जायचं. तो कोणाचा यावरून माझे वडील आणि त्यांचे वडील बोलत नव्हते. पंचायतीनं सिमेंटची गटार केली आणि पाट कधीचाच बुजला. अप्पांनी तो उकरून काढला. म्हणजे बोलण्यात. माझ्या वडिलांनी दगड सरकवला होता, आम्ही गोमूत्र त्यांच्याकडे सोडलं होतं, मराठे असेच. मी मान हलवायचो, कधी 'तसं नसावं' म्हणायचो, तेवढ्यावर त्यांचा तासभर निघायचा. शेजारी रेडिओवर कानडीत बाजारभाव चालू असायचे, अक्का ज्वारी पाखडत असायची. घरी आल्यावर कमलबाई विचारायची, "हरलाव का?" मी म्हणायचो, "हो."

चांगले दिवस, वाईट दिवस असं चाललं. सर्दी झाली, झोप मोडली की आवाज पुन्हा छातीवर येऊन बसायचा आणि महिनाभराची कमाई गेली असं वाटायचं. मग पुन्हा. त्यांनी कधी 'बरं वाटतंय' असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. करंगळी दिवसेंदिवस कानाकडे कमी जाऊ लागली, एवढंच मला दिसायचं.

गेल्या सोमवारी पाटाचं भांडण रंगात आलं होतं. अप्पा गुडघ्यावर हात आपटून सांगत होते की त्यांच्या आजोबांनी तो पाट बांधायला चुना कुठून आणला होता. तेवढ्यात दारात उदगीरकडचा एक माणूस आला, हातात नारळ, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "नादअप्पा, नाद कसा आहे?"

अप्पा बोलता बोलता थांबले. मान थोडी तिरकी केली. डोळे बारीक केले, कोठीत खाली उरलेलं धान्य चाचपावं तसे ते आत शोधत होते. अक्काचं सूप थांबलं. पूर्वी त्यांना शोधावं लागत नव्हतं. विचारायच्या आधीच तो तिथं असायचा.

मग त्यांचा चेहरा वाकडा झाला. सापडला होता.

"हाय," ते म्हणाले. "हाय की. सकाळपासनं नव्हता, आता हाय. कामून इचारलास? तुझं काय अडलं होतं? आता संध्याकाळपातुर जात न्हाई बग. उचल तुझा नारळ. चल, ऊठ."

तो माणूस घाबरून मागे सरला. अक्का सूप घेऊन उठली आणि त्याला दारापर्यंत सोडताना म्हणाली, "रागावू नगा. पानी पिऊन जावा. पुन्हा येनार असलाव तर हवापान्याचं इचारा."

अप्पा धुसफुसत होते. बोट कानाकडे निघालं होतं. मला काय करावं कळेना, आणि मी म्हणालो, "पाट आमचाच होता."

बोट वाटेतच थांबलं.

"काय म्हनलास?"

"दगड तुमच्या वडिलांनी सरकवला," मी म्हणालो. आवाज माझाच होता का, मला शंका आली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

मग अप्पा जे बोलू लागले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मराठी संपल्यावर ते कानडीत शिरले. सूर्य भिंतीखाली गेला तरी थांबले नाहीत, आणि अक्का भाकरीला बसली तेव्हा थापण्याच्या आवाजामुळे त्यांना आणखी मोठ्यानं बोलावं लागलं.